कुत्र्यांची बालवाडी आणि माझी धाकटी जाऊ

कल्याणला जनावरांच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात मी नऊ वर्षं काउंटरवर बसले. लसीची कार्डं भरायची, फोन घ्यायचे, इंजेक्शनच्या वेळी घाबरलेल्या कुत्र्याचं तोंड धरायचं. डॉक्टरांचं वय झालं, त्यांनी दवाखाना बंद केला, आणि चाळिशीच्या तोंडावर मी शहापूरजवळच्या आमच्या घरी, किन्हवलीच्या रस्त्यावर, रिकामी येऊन बसले. या नऊ वर्षांत एक प्रश्न मी जवळजवळ रोज ऐकला होता. "आम्ही चार दिवस बाहेर चाललोय हो, ह्याला कुठे ठेवायचं?" उत्तर माझ्याच घराच्या मागे होतं. बैल विकल्यापासून आमचा गोठा मोकळा पडला होता.

नवऱ्याने आणि दिराने मिळून गोठ्याला कोबा केला, पुढून जाळी मारली, आत आठ कप्पे पाडले. औषधांचं कपाट मी लावलं. दाराशी बोर्ड लागला, त्यावर माझं नाव. सासूबाईंना हे अजिबात पटलं नव्हतं. "कुत्रा घर संभाळतो गो," त्या म्हणाल्या, "घरानं कुत्रा संभाळायचा हे कुठलं?" गावाने तर बारसंच करून टाकलं. कुत्र्यांची बालवाडी. येताजाता लोक विचारायचे, "काय, आज हजेरी किती?"

हजेरी वाढत गेली. शहापूरच्या नव्या बिल्डिंगींतली नवरा-बायको दोघंही नोकरीला जाणारी जोडपी सकाळी कुत्रं सोडून गाडी पकडायची आणि संध्याकाळी घेऊन जायची. मुरबाडकडे ज्यांचे बंगले होते ते चार-आठ दिवसांसाठी ठेवायचे. मी प्रत्येकाकडून फॉर्म भरून घ्यायचे. कुत्र्याचं वय, लसी, काय खातो, कशाला घाबरतो. सगळ्या मालकांचा फोनवर एक ग्रुप केला होता, त्यावर रोज दुपारी फोटो टाकायचे. लोक म्हणायचे, "मॅडम, तुमच्यामुळे निश्चिंत आहोत." एवढं ऐकलं की माझं पोट भरायचं.

काम एकटीने होईना म्हणून मी धाकट्या जावेला हाताखाली घेतलं. ती डोळखांबच्या पुढच्या गावातली, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. नववीनंतर तिची शाळा सुटली होती. लग्न होऊन आली तेव्हा बँकेचा फॉर्म कसा भरायचा ते मीच तिला शिकवलं होतं. धंदा माझा, डोकं माझं. झाडलोट आणि कुत्र्यांच्या भाकऱ्या तिच्याकडे. ही वाटणी मी मनातल्या मनात केली होती आणि ती मला अगदी न्यायाची वाटत होती.

पहिल्या महिन्यातच कुत्र्यांनी वेगळी वाटणी केली.

एक बीगल होता, मालक गेले की दिवसभर रडायचा. मी त्याला चेंडू दिला, चघळायचं हाड दिलं, कुरवाळून पाहिलं. तो माझ्याकडे बघत बघतच रडायचा. ही पाण्याची बादली घेऊन आत गेली, "काय रं, कोन मेलं?" असं त्याला विचारलं आणि दुसऱ्या कप्प्याकडे वळली. बीगल गप्प झाला. मग तिच्या मागे मागे हिंडला. माझ्या हातात बिस्किट असल्याशिवाय एकही कुत्रं माझ्याजवळ येत नसे. तिच्या हातात झाडू असला तरी यायची. ती लाडीगोडी लावायची नाही, बारीक आवाज काढून बोलायची नाही. शेजाऱ्यापाजाऱ्याशी बोलावं तसं बोलायची.

सुरुवातीला मी हसून सोडून दिलं. मग मालकांच्याही लक्षात यायला लागलं. संध्याकाळी फाटकातून कुणीतरी विचारायचं, "त्या दुसऱ्या ताई नाहीत का? आमचा त्यांना शोधतोय." मी म्हणायचे, "आहे की, बोलावते," आणि बोलवायला मुद्दाम रेंगाळत जायचे. पुढे पुढे मी एक गोष्ट करू लागले, ती आज सांगताना लाज वाटते. मालक यायच्या वेळेलाच तिला दळण आणायला पाठवायचे. कधी भाजीला. ती पिशवी उचलून निघायची. तिने कधी विचारलं नाही की रोज नेमकं साडेसहालाच घरातलं पीठ कसं संपतं.

अशात शहापूरच्या एका निवृत्त मुख्याध्यापिका बाई आपला लॅब्रेडोर घेऊन आल्या. बाई एकट्याच राहायच्या, कुत्रा अकरा वर्षांचा. मुलीच्या बाळंतपणासाठी त्या नाशिकला चालल्या होत्या. "पंधरा दिवस," त्या त्याच्या कानाशी म्हणाल्या आणि मागे न बघता गाडीत बसल्या.

लॅब्रेडोरने त्या दिवसापासून अन्नाला तोंड लावलं नाही. मी कोंबडीचं पाणी करून दिलं, दहीभात दिला. दुसऱ्या दिवशी सुई नसलेल्या सिरिंजने तोंडात सोडायला गेले तर त्याने मान वळवून सगळं माझ्या साडीवर सांडलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी फोनवर डॉक्टर शोधत बसले होते. तेव्हा जावेने त्याचं अंथरायचं पोतं उचललं आणि अंगणात जांभळीखाली नेऊन टाकलं. तो कसाबसा तिच्या मागून गेला. ती त्याच्याकडे पाठ करून बसली आणि सुपात सुकट निवडायला लागली.

मी खिडकीतून बघत होते. बराच वेळ तिने मागे वळूनही पाहिलं नाही. निवडता निवडता मधूनच सुकटीचा एखादा तुकडा मागे टाकायची. कुत्रा पडल्या जागी नाक हलवू लागला. मग उठला. मग त्याने एक तुकडा उचलला.

मी धावत बाहेर गेले. "अगं, मीठ असतं त्यात! म्हातारा कुत्रा आहे, त्याला चालत नाही."

"तीन पान्यातनं धुतलीय, ताई," ती हळूच म्हणाली. "बोलू नका आता, खातोय तो."

घरातून नाचणीची भाकरी आणून तिने सुकटीच्या शेवटच्या पाण्यात कुस्करली आणि ताटली त्याच्यापुढे सरकवली. "ह्याला भूक हाय, ताई. पन एकट्याला जेववत नाय. मानसासारखंच." आणि उरलेल्या भाकरीचा तुकडा मोडून तिने स्वतःच्या तोंडात टाकला. दोघं एकमेकांकडे न बघता जेवत होती.

त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते खरं सांगते. मला वाटलं, त्याने खाऊ नये. तीन दिवस उपाशी असलेला म्हातारा जीव समोर जेवत होता आणि मला वाटत होतं, ताटली तशीच राहावी.

संध्याकाळी बाईंचा व्हिडिओ कॉल आला. आवाज रडवेला. मी फोन कुत्र्यापुढे धरला, ताटली दाखवली. "खाल्लं हो त्याने. मी बसले दुपारभर त्याच्याजवळ. सुकट धुऊन दिली, भाकरी कुस्करून दिली. माझ्याबरोबर जेवला." शब्द तोंडातून इतके सहज गेले की मला स्वतःलाच खरे वाटले. बाई म्हणाल्या, "तुमचे उपकार कसे फेडू?" जाऊ पाच पावलांवर अंगण झाडत होती. तिचा झाडू क्षणभर थांबला, मग परत चालू झाला.  पुढचे बारा दिवस तो कुत्रा तिच्याबरोबरच जेवला आणि रोजच्या फोनवर मीच बोलले.

बाई न्यायला आल्या तेव्हा माझ्यासाठी नाशिकचे मनुके घेऊन आल्या होत्या. त्या दिवशीही मी जावेला चक्कीवर पाठवलं होतं. लॅब्रेडोर बाईंना बघून नाचला, रडला, त्यांचा चेहरा चाटला. गाडीचं दार उघडलं तसा मात्र थांबला. फाटकाबाहेर जाऊन रस्त्यावर बसला आणि चक्कीच्या वाटेकडे बघू लागला. ओढलं तरी उठेना. जाऊ डोक्यावर डबा घेऊन येताना दिसली तेव्हा तो म्हातारा कुत्रा पळत सुटला. तिने डबा खाली ठेवला, त्याच्या मानेखाली खाजवलं. "जा रं, तुझी बाय आलीय न्यायला." मग तो आपणहून गाडीत चढला.

बाईंनी आयुष्यभर पोरांचं खोटं पकडलेलं. त्या माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "जेवायला कोणी घातलं ते त्यालाच विचारायला हवं होतं मी." मनुक्यांचा पुडा मात्र त्यांनी माझ्याच हातात दिला. परत घेतला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर काही महिन्यांनी दिराला धसईच्या बाजारातून भाजी उचलून टेम्पोने न्यायचं काम मिळालं. रोजची ये-जा जमेना, म्हणून दोघांनी तिकडेच घर भाड्याने घ्यायचं ठरवलं. निघायच्या आधी जाऊ माझ्याकडे आली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. "ताई, तिकडं मी दोन-चार कुत्री ठेवू का? मुरबाडच्या बंगलेवाल्यांना जवळ पडंल. तुमचं नाय म्हननं असंल तर नाय ठेवत."

"ठेव की," मी म्हटलं. "त्यात काय विचारायचं?"

तोंडाने म्हटलं. मला वाटलं होतं, हिला कुठे फॉर्म करता येतात, कुठे फोटो टाकता येतात, कोण जाणार हिच्याकडे? चैत्रापर्यंत तिच्याकडे सहा कुत्री झाली. सहाच्या सहा आधी माझ्याकडे येणारी. बीगल गेला. आणि एक दिवस ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला. धसईच्या ओट्यावर ती तांदूळ निवडत बसलेली, आजूबाजूला कुत्री आडवी पडलेली, एकाने तर तिच्या मांडीवर डोकं ठेवलेलं. खाली लोकांनी लिहिलं होतं, घरच्यासारखं. माझ्या ग्रुपवर! मी बोटाने तो फोटो मोठा करकरून पाहिला. कुठे घाण दिसते का, पाण्याची भांडी बुळबुळीत आहेत का, कुणाच्या कानात गोचीड आहे का. काही सापडलं नाही.

दोन दिवस ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून हललं नाही. तिसऱ्या दिवशी मी ग्रुपवर लिहिलं, "मुरबाड-धसई बाजूला बिबट्या फिरतोय असं कळतं. उघड्यावर ठेवलेली कुत्री पहिली जातात. आपापल्या मुक्या जिवाची काळजी घ्या." कुणाचं नाव नव्हतं. आमच्याकडे बिबट्या काही नवा नाही, कधी ना कधी कुणाला तरी दिसतोच. पण त्या दिवसांत धसईला तो आल्याचं मला कुणीही सांगितलं नव्हतं. मी ते माझ्या पोटातून काढलं होतं.

मेसेज पाठवला तेव्हा वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं, ओकून मोकळं झाल्यासारखं. जावेकडची कुत्री चार दिवसांत लोक घेऊन गेले. मी वाट बघत राहिले की आता ती माझ्याकडे येतील. पण मेसेज माझा राहिला नव्हता. तो ह्या फोनवरून त्या फोनवर गेला. कुणीतरी त्याला बिबट्याचा फोटो जोडला, कुणीतरी त्यात शहापूर घातलं, कुणीतरी किन्हवली घातलं. आठवड्याभराने तो माझ्याच फोनवर परत आला. माझ्याच गिऱ्हाइकाने पाठवला होता, खाली प्रश्न, "ताई, तुमच्या मागेही रानच आहे ना?" मग एकेक करून लोक यायचे थांबले. गोठ्यात एकच पॉमेरियन उरला. त्याचे मालक नवे, अजून ग्रुपवर नव्हते.

बुद्धपौर्णिमेला दीर आणि जाऊ घरी आले. आल्या आल्या ती चप्पल काढून थेट गोठ्याकडे गेली. रिकामे कप्पे बघून परत आली तर तिचा चेहरा उतरलेला. "तुमचीपन गेली ना, ताई? मला वाटलंच. कोनी मेल्यानं मेसेज टाकलाय बिबट्याचा." ती त्या ग्रुपवर नव्हती. मेसेज कुणाचा ते तिला माहीत नव्हतं. माझ्यासाठी हळहळत होती.

सकाळी विहारात सगळे वंदनेला बसलो. पंचशील घेताना चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या शीलाला, मी नुसते ओठ हलवले. लहानपणापासून म्हणत आलेले शब्द. शेजारी जाऊ खणखणीत आवाजात म्हणत होती.

घरी आल्यावर स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. मी खीर ढवळत होते, ती वेलची कुटत होती. मी पातेल्याकडे बघतच म्हटलं, "तो मेसेज मी टाकला होता."

कुटायचा आवाज थांबला.

"बिबट्या कुणी बघितला नव्हता. तुझ्याकडे सगळे जायला लागले, ते मला बघवलं नाही."

 खीर लागायला लागली म्हणून तिनेच पुढे होऊन गॅस बारीक केला. मग बोलली. "त्या बाईंच्या कुत्र्याच्या टायमाला तुमी फोनवर बोललात, ते मी ऐकलं होतं. तवा म्हटलं, जाऊ दे, घर एकच हाय आपलं. पन ह्या मेसेजनं मी किती भ्याले, ठाव हाय? मला खरंच वाटलं जनावर आलंय. पंधरा दिवस मी दारं लावून बसले होते. ह्यांना पहाटे टेम्पो काढू देत नव्हते." तिचा आवाज वर गेला नाही. "कुत्री गेली त्याचं नाय एवढं. मला तुमी घाबरवलंत, ताई."

मी काहीतरी बोलायला गेले तर तिने हातानेच थांबवलं. सासूबाईंच्या पाया पडली, आणि दोघं दुपारच्या गाडीने निघून गेली, न जेवता. सासूबाई मला विचारत राहिल्या, "काय झालं गो? काय बोललीस तिला?"

त्या संध्याकाळी मी ग्रुपवर लिहायला बसले. नवरा म्हणाला, "अफवा होती, एवढं लिही. पुरे झालं." पण एवढं लिहून काही झालं नसतं. अफवा कुणाचीही असू शकते. मी लिहिलं की ती बातमी मीच रचली होती, मी बिबट्या पाहिलेला नाही, धसईला राहते ती माझी जाऊ, तिचं चांगलं चाललेलं मला सहन झालं नाही म्हणून मी लिहिलं. लॅब्रेडोरला तिनेच जेवू घातलं होतं, तेही लिहिलं.

बरेच जण ग्रुप सोडून गेले. कुणीतरी लिहिलं, "धन्य आहे." दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. "शाळेत असतीस तर वर्गाबाहेर उभी केली असती," त्या म्हणाल्या. "आता काय करणार? बरं, शुक्रवारी कुत्रा सोडायचाय." मला हायसं वाटलं. "आणा की, बाई." तर म्हणाल्या, "तुमच्याकडे नाही. धसईला. पत्ता नीट सांगा." आणि मी सांगितला. बाजार ओलांडून पुढे कुठे वळायचं, कुठलं घर, सगळं. दोनदा सांगितला.

पावसाळाभर जावेचा फोन नव्हता. दिराकडून नवऱ्याला कळायचं की तिकडची कुत्री परत आली. माझ्याकडे तीन-चार असायची.

भाद्रपदात एका सकाळी तिचा फोन आला. "ताई, एक डॉबरमन हाय. खात नाय. मी सगळं करून बघितलं, तसलं न खाणं नाय हे. तुमी या ना. मला ह्यातलं कळत नाय."

मुरबाडला उतरून धसईची दुसरी एसटी पकडली. तिचं घर मी पहिल्यांदाच पाहत होते. ओट्याला चारी बाजूंनी जाड जाळी लावलेली होती. माझ्या बिबट्यासाठी लावलेली. ती मला दारातच म्हणाली, "चहा नंतर, आधी बघा." मी डॉबरमनचा ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्याफटक. अंग तापलेलं. लघवी कशी होते विचारलं तर म्हणाली, काळ्या चहासारखी. दवाखान्यात नऊ वर्षं काढल्यावर हे मला कुणी सांगायला नको होतं. गोचीड ताप. दिराचा टेम्पो दारात होता. त्याच टेम्पोत, भाजीच्या रिकाम्या क्रेटांमध्ये बसून आम्ही दोघी त्याला मुरबाडच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. रक्त तपासलं, सलाइन लागलं. पाच तास आम्ही तिथल्या बाकावर होतो. कुत्र्याचं डोकं तिच्या मांडीवर, सलाइनची नळी माझ्या हातात. 

सलाइन संपता संपता मालकाचा फोन आला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला नाय कळलं, साहेब. माझ्या जावेनं वळखलं. त्या शिकलेल्या हायेत ह्यातल्या. त्यांच्याशी बोला." आणि फोन माझ्या हातात दिला.

मालक खूप वेळ आभार मानत होते. मी हो हो म्हणत होते आणि तिच्याकडे बघत होते. ती कुत्र्याच्या पायावरची पट्टी नीट करत होती. खरं बोलायला तिला क्षणभरही विचार करावा लागला नव्हता. कुत्री तिच्याकडे जातात त्याचा मी हेवा केला होता, पण ह्याचा जेवढा वाटला तेवढा तोवर कशाचाच वाटला नव्हता. अजूनही वाटतो.

डॉबरमन बरा झाला. आता औषधपाण्याचं काही असलं की ती मला फोन करते, आणि माझ्याकडे एखादं जेवेनासं झालं की मी तिला. ती दिवाळीला आली तेव्हा जेवून गेली. मागच्या रविवारी एका अनोळखी बाईंचा फोन आला. "धसईच्या ताईंनी तुमचा नंबर दिला. त्यांच्याकडे जागा नाही म्हणाल्या."

"आणा ना," मी म्हटलं. फोन ठेवला आणि मनात पहिलं आलं ते हे, की म्हणजे तिच्याकडे आता जागासुद्धा उरली नाही! दहा मिनिटं तशीच बसले होते. मग उठले, बादली भरली आणि कोपऱ्यातला कप्पा धुवायला घेतला.